सुईतून औषध जात नाही
“मान आखडली की सुईतून औषध सोडतात,” असं अजूनही कानावर येतं. अहो, ड्राय नीडलिंगची, म्हणजे दुखऱ्या स्नायूत नुसती बारीक सुई टोचण्याच्या उपचाराची, सुई भरीव असते, तिच्यातून थेंबही जात नाही! आराम औषधाचा नसून टोचण्याचाच असू शकतो, हे चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ सालीच मांडलं. खांद्यातल्या दुखऱ्या गाठीत सुई नेमकी लागली, की स्नायू क्षणभर टचकन उडतो आणि मग सैलावतो. कायरोप्रॅक्टरने, म्हणजे हातांनी मणका-सांधे हलवून उपचार करणाऱ्याने, मान वळवताना होणारा ‘कट्’ आवाजही हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, त्याचा तो. दोन्हींचा आराम बरेचदा तात्पुरता, म्हणून सोबत व्यायाम हवाच. आणि छातीजवळ सुई फुप्फुसापर्यंत पोचू शकते. तिथे प्रशिक्षित हातच हवा.