सायरनखाली बसणाऱ्याच्या कानात काय हवं: नॉइज कॅन्सलिंग हेडफोन की साधा इअरप्लग?

रुग्णवाहिकेच्या चालकाला (१०८ सेवेत त्याला पायलट म्हणतात) पाळी संपेपर्यंत सायरन डोक्यावर घेऊन फिरावं लागतं. मग घरचं कुणीतरी हौसेनं त्याला नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आणून देतं. हेतू चांगला, वस्तू चुकीची. आवाज कमी भासणं आणि कान वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सायरनच्या बाबतीत तर त्यांची सहज फारकत होते.

आधी सायरनचं बघू. १०० वॅटचा इलेक्ट्रॉनिक सायरन भोंग्यासमोर तीन मीटरवर साधारण १२० डेसिबलच्या घरात असतो. तो कमी करून चालत नाही, कारण पुढच्या मोटारीच्या काचा बंद, आत एसी आणि वर गाणी. नितीन गडकरींनी २०२१ मध्ये नाशिकमध्ये सायरनऐवजी आकाशवाणीच्या धूनसारखं काही कानाला गोड वाजावं अशी इच्छा बोलून दाखवली होती. कल्पना छान आहे, पण बंद काचेतून आत शिरायचं तर त्या धूनलाही तेवढंच ओरडावं लागेल.

केबिनमध्ये अर्थातच १२० पोचत नाहीत. किती पोचतात, ते भोंगा कुठे बसवलाय आणि खिडकी उघडी आहे का यावर ठरतं. समजा कानाशी १०० डेसिबल आले. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या ‘नायॉश’ या अमेरिकी सरकारी संस्थेचा हिशोब असा, की ८५ डेसिबल आठ तास चालतील, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. शहरातल्या गर्दीत दोन-तीन फेऱ्यांत हा कोटा संपू शकतो. ड्युटीनंतर कानात शिट्टी वाजते, दडे बसल्यासारखं होतं, सकाळी मोकळं वाटतं आणि माणूस विसरून जातो. वर्षानुवर्षं असंच चाललं की ते मोकळं होणं थांबतं. नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीत, सुरू होतं. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटायला लागतात आणि घरच्यांना तक्रार ऐकू येते ती अशी: ‘बोलताय ते ऐकू येतं, पण कळत नाही.’

आता नॉइज कॅन्सलिंग. आवाजाच्या लाटेवर तिची उलटी लाट सोडून तिला शमवायचं, या कल्पनेचं पेटंट पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ मध्ये अमेरिकेत मिळालं. अमर बोस यांना असे हेडफोन करायची कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली, आणि बाजारात ते १९८९ मध्ये आले तेही वैमानिकांसाठी. ही विमानाची वंशावळ महत्त्वाची आहे. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली आणि एकसुरी असते, तिची उलटी लाट करणं सोपं. हजार हर्ट्झच्या वर मात्र लाटा इतक्या आखूड होतात की यंत्र वेळेत जुळवून घेऊ शकत नाही. सायरन नेमका याच हद्दीच्या आसपास फिरतो. त्याचा मूळ सूर साधारण ५०० ते १५०० हर्ट्झमध्ये सतत वर-खाली होतो आणि त्याचे उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे उंच सूर) आणखी वर जातात. परिणाम असा, की डिझेल इंजिनाची घरघर जाते, केबिन शांत वाटते आणि सायरन बराचसा तसाच कानावर येत राहतो. त्यातून जो काही कमी होतो तो बहुतेक कानाभोवतीच्या गादीमुळे, बॅटरीमुळे नाही.

फोमचा इअरप्लग याच्या बरोबर उलट वागतो. खालच्या पट्टीत थोडा ढिला, वरच्या पट्टीत कडक. चांगल्या प्लगच्या पाकिटावर ‘एनआरआर ३३’ असतं, म्हणजे आवाज ३३ डेसिबलपर्यंत कमी होतो असा दावा, पण तो प्रयोगशाळेतला आकडा. प्रत्यक्षात १५ धरून चाला. तेवढ्यानंही १०० चे ८५ होतात, आणि १५ मिनिटांचे आठ तास. अट एकच, नीट बसला पाहिजे. प्लग बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा आला की बसला. कानाच्या तोंडाशी नुसता टेकवलेला प्लग आणि कापसाचा बोळा यांत फारसा फरक नाही, आणि कापसानं जवळजवळ काहीच होत नाही.

प्लगची खोट अशी की तो माणसांचा आवाजही खातो. मागून डॉक्टर ‘ब्रेक हळू’ म्हणाले, वायरलेसवर पत्ता बदलला, तर? म्हणून काही ठिकाणी अग्निशमन बंबांवर जाड गादीचे, तोंडाशी माइक असलेले इंटरकॉम हेडसेट वापरतात. सायरन बाहेर राहतो, सहकाऱ्याचं बोलणं थेट कानात येतं. आपल्याकडच्या रुग्णवाहिकेत असं काही क्वचितच दिसतं. त्याखालोखाल संगीतकार वापरतात ते फिल्टरचे प्लग. सगळ्या पट्ट्या सारख्याच दाबतात, त्यामुळे बोलणं कमी होतं पण अस्पष्ट होत नाही. पायलटसाठी माझी पसंती यांनाच.

याआधीची फुकटातली कामं बरेच जण करत नाहीत. खिडकी वर घ्यायची, मधली काच लावायची, मोकळ्या रस्त्यावर सायरन उगाच चालू ठेवायचा नाही. आणि नवी गाडी येत असेल तर भोंगा छतावर नको, पुढच्या बंपरमध्ये बसवा, असा आग्रह धरायचा. चालकाच्या डोक्यापासून भोंगा दूर गेला, मध्ये बॉनेट आलं, की केबिनमध्ये लगेच फरक जाणवतो.

दुकानात ओळखायचं कसं? खोक्यावर ‘एनआरआर’ किंवा ‘एसएनआर’ (त्याचंच युरोपातलं माप) आणि पुढे आकडा असेल तर ते कानाचं संरक्षण. नुसतं ‘एएनसी’ (म्हणजे नॉइज कॅन्सलिंग) आणि बॅटरी किती तास चालते एवढंच असेल, तर ते एसटीच्या लांबच्या प्रवासात गाणी ऐकायला घ्या.