रंगायतनावरचे नाव आणि ‘राजसंन्यास’

ठाण्यात ‘राम गणेश गडकरी रंगायतन’ असे पूर्ण नाव कुणी घेत नाही. रिक्षावाल्याला ‘गडकरी’ सांगितले की तो तलावपाळीवर आणून सोडतो, ‘दादोजी’ म्हटले की दादोजी कोंडदेव स्टेडियमच्या दारात. नाव जिभेवर इतके रुळले की त्यामागचा माणूस विसरला जातो. पण याच दोन नावांवरून पुण्यात पुतळे हलले, माणसे अटकेत गेली, महापालिकेची सभा गाजली. थोर मानलेल्या माणसाच्या हातून झालेली चूक वर आली की त्याच्या नावाचे काय करायचे, ही चर्चा सध्या पुन्हा तापली आहे आणि तिच्यात दाखले दिले जातात ते पुण्याचे. ठाण्यात दोन्ही पाट्या जागच्या जागी आहेत, म्हणून इथूनच मागे जाऊन पाहू.

३ जानेवारी २०१७ च्या पहाटे पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठा नदीत टाकला गेला. एका संघटनेच्या कार्यकर्त्यांनी जबाबदारी उघडपणे घेतली आणि चौघांना अटक झाली. महापालिकेची निवडणूक महिना-दीड महिन्यावर होती. वादाला निवडणुकीची आणि जातीची धार होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण आक्षेपात तथ्यच नव्हते, असे म्हणून तो झटकणेही बरोबर नाही. ज्यांच्या नावाचे उद्यान, त्यांचीच बदनामी करणाऱ्या नाटककाराचा पुतळा तिथे का, असा साधा प्रश्न होता. तो प्रश्न योग्य होता. पुतळा नदीत टाकणे हे मात्र त्याचे उत्तर नव्हते.

बदनामी कुठे, तर ‘राजसंन्यास’ या नाटकात. त्या आठवड्यात मी एका जुन्या वाचनालयातून गडकऱ्यांच्या समग्र वाङ्मयाचा जाडजूड खंड घरी आणला. ‘एकच प्याला’च्या पानांच्या कडा बोटे लागून लागून काळवंडल्या होत्या, एक पान तर सुटूनच आले. ‘राजसंन्यास’ची पाने मात्र पिवळी पडलेली, पण कोरी करकरीत. ज्या नाटकावरून एवढे रान पेटले, ते त्या प्रतीत तरी क्वचितच कुणी उघडले असावे. पुतळ्याच्या बाजूने आणि विरोधात जे लिहिले-बोलले गेले, त्यातलेही बरेचसे न वाचताच असणार, असे मला त्या रात्री वाटले आणि अजून वाटते.

नाटक अपुरे आहे. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी गेले आणि ते तसेच राहिले. त्यातले संभाजी महाराज तुळसा नावाच्या स्त्रीच्या नादी लागलेले, विलासात बुडालेले आणि शेवटी पश्चात्तापाने उजळून निघालेले असे आहेत. जिवाजी कलमदाने या विनोदी कारकुनाच्या तोंडी शिवछत्रपतींना कमी लेखणारी वाक्ये आहेत. ती वाक्ये पात्राची, लेखकाची नव्हेत, हा बचाव मला कलमदान्यापुरता पटतो. फुशारक्या मारणाऱ्या कारकुनाची टर उडवण्यासाठीच ती लिहिलेली आहेत. महाराजांच्या चित्रणाला मात्र हा बचाव लागू होत नाही. तिथे शेवटच्या पश्चात्तापासाठी आधीचा दोष हवा होता, आणि तो गडकऱ्यांनी तयार मिळालेला उचलला.

तयार मिळाला कुठून, हे या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचे आणि सगळ्यात कमी बोलले गेलेले. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला, १६८१ मध्ये, त्यांच्याविरुद्धच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून बाळाजी आवजी चिटणीस यांना देहदंड झाला. १८१० च्या सुमारास बखर लिहिणारे मल्हार रामराव चिटणीस हे त्यांचेच वंशज. म्हणजे महाराजांच्या हत्येनंतर सव्वाशे वर्षांनी, ज्या घराला त्यांच्या हुकमाची झळ बसली होती त्याच घरात, त्यांचे चरित्र रंगले. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात चिटणिसांची बखर वापरली. मोगलांच्या तवारिखांनी, म्हणजे दरबारी इतिहासांनी, आपापली भर घातली. इंग्रजी इतिहासातून ती प्रतिमा शाळेत गेली, शाळेतून नाटकांत. मद्यपी, स्त्रीलंपट, नाकर्ता, असे तीन शब्द एका राजाला पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहिले. तोच राजा नऊ वर्षे औरंगजेबाशी लढत होता आणि त्याने संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिले होते, हे त्या शब्दांच्या शेजारी कुणी मांडत नव्हते. वा. सी. बेंद्रे यांनी मूळ कागद धुंडाळून लिहिलेले चरित्र १९६० मध्ये आले तेव्हा ती प्रतिमा पहिल्यांदा भक्कमपणे मोडली. पुढे १९७१ मध्ये कमल गोखले यांचे संशोधनही पुस्तकरूपात आले.

म्हणजे गडकऱ्यांपुढे १९१९ साली बेंद्रे नव्हते. त्यांनी त्या काळचा सर्वमान्य इतिहास घेतला. इथे बहुतेक जण थांबतात आणि ‘बिचाऱ्या गडकऱ्यांचा काय दोष’ म्हणतात. माझे मत थोडे वेगळे आहे. अज्ञानातून झालेली इजा ही इजाच असते. गडकऱ्यांच्या भाषेची ताकद अफाट होती. त्या ताकदीने सांगितलेले खोटे साध्या बखरीपेक्षा खोल रुजते. तेव्हा चूक झाली, तिने एका माणसाचे नाव मलीन ठेवायला हातभार लावला, आणि ती ‘एकच प्याला’च्या पुण्याईने धुऊन निघत नाही. पण ती गुन्हाही ठरत नाही. बदनामी म्हटले की त्यात हेतू येतो. ज्याला खरे ठाऊक असून खोटे लिहायचे आहे त्याला तो शब्द लावावा. गडकऱ्यांना तो लागत नाही. २०१७ चा सगळा गोंधळ या एका शब्दात अडकला होता.

रंगायतन १९७८ चे, नगरपालिकेच्या काळातले. ठाण्याची महापालिका त्यानंतर चार वर्षांनी झाली. म्हणजे पाटी लागली तेव्हा बेंद्र्यांचे पुस्तक येऊन १८ वर्षे झाली होती. नाव देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ‘राजसंन्यास’ नव्हते, ‘एकच प्याला’ आणि ‘भावबंधन’ होते, आणि नाट्यगृहाला ते साजेसेच होते. तरी खरे काय ते तेव्हाही ठाऊक करून घेता येत होते, हे नोंदवायला हवे.

दादोजी कोंडदेवांची गोष्ट याहून गुंतागुंतीची, कारण तिथे वाद त्यांच्या एखाद्या कृत्याचा नाही. इतरांनी त्यांना काय म्हटले याचा आहे. ते कोंढाण्याचे सुभेदार होते आणि पुण्याच्या जहागिरीचा कारभार पाहत होते. वाद ‘गुरू’ या शब्दाचा. शिवरायांची घडण जिजाऊंची आणि शहाजीराजांची. ते श्रेय कारभाऱ्याकडे वळवले गेले, हा आक्षेप. क्रीडा मार्गदर्शकांसाठीच्या राज्य पुरस्काराचे त्यांचे नाव काढले गेले. मग २७ डिसेंबर २०१० च्या पहाटे लाल महालातल्या शिल्पातून त्यांचा पुतळा काढला गेला. इथे जमाव नव्हता. महापालिकेचा ठराव होता, पोलीस बंदोबस्त होता. तरी काम केले अंधारात. ठराव खुलेपणाने करता येतो, मग त्याचे पालन दिवसा का करता येऊ नये, हे मला आजही कळलेले नाही.

शिवापूरच्या आमराईतला धन्याचा आंबा न विचारता तोडला म्हणून दादोजी स्वतःचा हात कापायला निघाले, लोकांनी अडवले, तर त्यांनी अंगरख्याची एक बाही आखूड करून घेतली. ही गोष्ट आमच्या पिढीने लहानपणीच ऐकली. ती दंतकथा आहे, पुरावा नाही. पण तिच्यात हात शाबूत राहिला आणि आखूड बाही सगळ्यांना दिसत राहिली.

ठाण्याचे दुसरे मोठे नाट्यगृह घोडबंदर रस्त्याच्या बाजूला, डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या नावाचे. घाणेकर घराघरात पोचले ते वसंत कानेटकरांच्या १९६२ च्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ मधले संभाजी म्हणून. म्हणजे एकाच शहरात एक नाट्यगृह ‘राजसंन्यास’च्या लेखकाचे आणि दुसरे संभाजी उभा करणाऱ्या नटाचे. कुणी ठरवून केलेले नाही हे. पण बेंद्र्यांच्या आधीची आणि नंतरची मराठी रंगभूमी यांतले अंतर ठाण्यात रिक्षाने कापता येते.

रंगायतन २०२५ मध्ये नूतनीकरण होऊन पुन्हा उघडले. नाव तेच आहे आणि तेच राहावे, असे मला मनापासून वाटते. मात्र आत प्रवेशाच्या भिंतीवर, तिकीटखिडकीच्या रांगेत उभ्या असलेल्याला वाचता येईल अशा ठिकाणी, चार ओळींची एक पाटी लावावी. गडकऱ्यांच्या नाटकांची नावे, त्यांत ‘राजसंन्यास’ही, त्यातले संभाजी महाराजांचे चित्रण चिटणिसी बखरीच्या परंपरेतले आहे आणि १९६० नंतरच्या संशोधनाने ते खोटे ठरले आहे, एवढे. खाली बेंद्र्यांचे नाव आणि साल.