क्यूबन घरगुती स्वयंपाक

क्यूबात आणि क्यूबा सोडून मायामी वगैरे ठिकाणी गेलेल्या लोकांच्या घरात रोज शिजतं ते जेवण. क्यूबन म्हटलं की आपल्याला फारतर ते दाबून भाजलेलं सँडविच माहीत असतं, पण ते मुख्यतः फ्लोरिडातल्या सिगार कामगारांमधे रुजलं. घरात असतो भात, काळ्या राजम्याची रस्सेदार उसळ, तळलेलं केळं नाहीतर उकडलेला कसावा आणि असेल तेव्हा डुकराचं मटण. तिखट जवळजवळ नसतंच, जिरं मात्र भरपूर.

सगळ्याच्या मुळाशी सोफ्रितो. बारीक कांदा, ढोबळी मिरची, लसूण हे तेलात किंवा डुकराच्या चरबीत मंद आचेवर परततात, जिरेपूड, ओरेगानो आणि तमालपत्र घालून. आपली फोडणी तडतडली की झाली, याला घाई चालत नाही. रात्री भिजवलेला राजमा कुकरला मऊ शिजला की त्यातला एक डाव सोफ्रितोच्या कढईत काढून तिथेच घोटतात आणि सगळं परत भांड्यात ओततात, त्यानेच रस्सा दाट होतो, शेवटी थोडं व्हिनेगर आणि चिमूटभर साखर. दुसऱ्या दिवशी मुरलेल्या उसळीला 'झोपलेला राजमा' म्हणतात आणि माझ्या मते खरी चव तीच. भातातच काळा राजमा शिजवला की 'मोरोस इ क्रिस्तियानोस', पूर्वेकडे लाल राजमा घालतात तो कोंग्री. भांड्याच्या तळाच्या खरवडीला तिकडे 'रास्पा' म्हणतात आणि ती आवडीने खातात.

कसावा म्हणजे ज्याचा आपण साबुदाणा करतो तोच कंद, तिकडे त्याला युका म्हणतात. उकडलेल्या युकावर ठेचलेला लसूण आणि आंबट संत्र्याचा रस, त्यावर कडकडीत तेल ओतलं की चर्र आवाज होतो, हा मोहो. स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून तिथले ताइनो लोक कडू कसावा किसून, विषारी रस पिळून काढून त्याची भाकरी भाजायचे. तिला कसाबे म्हणतात, आजही करतात, 2024 मधे युनेस्कोच्या वारसा यादीत आली. तांदूळ, ऑलिव्ह आणि डुक्कर स्पॅनिशांनी आणलं, भेंडी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आली, 1847 पासून चिनी मजूरही आले. अभ्यासक फर्नांदो ओर्तिस यांनी म्हणूनच क्यूबन संस्कृतीला आहियाकोची उपमा दिली, म्हणजे मिळेल ते कंद, मका, मांस एकत्र शिजवलेला दाट रस्सा.

टंचाईशिवाय हा स्वयंपाक समजत नाही. 1962 पासून रेशनची वही आहे, तिला लिब्रेता म्हणतात. 1991 ला सोव्हिएत युनियन कोसळल्यावर तर हाल झाले, तेल नाही, मांस नाही, लोकांनी पपनसासारख्या फळाच्या जाड सालीचा पांढरा भाग मसाला लावून, ब्रेडचा चुरा थापून 'स्टेक' म्हणून तळला. जुगाड करून वस्तू मिळवण्याला तिथे 'रेसोल्वेर' म्हणतात आणि घरोघरी हा शब्द रोजचा आहे.

या काळात नित्सा व्हियापोल (1923–1998) यांचा आधार होता. चाळीसेक वर्षं त्या टीव्हीवर स्वयंपाक शिकवत राहिल्या, आणि रेसिपीला काय लागतं यापेक्षा आज बाजारात काय मिळतंय तिथून सुरुवात करायच्या, मला हीच गोष्ट फार मोठी वाटते. देश सोडून गेलेल्यांनीही त्यांचं स्वयंपाकाचं पुस्तक जपलं. मायामीत 24 डिसेंबरच्या रात्री अंगणात 'काहा चिना' नावाच्या पेटीत, वर कोळसा ठेवून, मोहोत मुरवलेलं आख्खं डुक्कर भाजतात. क्यूबात मात्र 1969 ते 1997 नाताळची सुट्टीच नव्हती.

जेवणानंतर कॉफी. रेशनच्या कॉफीत वाटाण्याची पूड मिसळलेली असते, तरी ती होतेच. मोका पॉटमधून, म्हणजे गॅसवर कॉफी करायच्या भांड्यातून, पडणारे पहिले काही थेंब साखरेत घेऊन चमच्याने फेटत बसायचं, साखर फिकट आणि फुगीर होईपर्यंत, मग उरलेली कॉफी त्यावर ओतायची की छोट्या कपात वर फेस तरंगतो, त्याला म्हणतात एस्पुमिता.