सातपुड्याच्या वाटेचा प्रश्न

महाधनेश हा मोठा पक्षी सह्याद्रीच्या सदाहरित रानात आढळतो आणि त्यानंतर थेट हिमालयाच्या पायथ्याशी व ईशान्य भारतात. मधल्या कोरड्या द्वीपकल्पात त्याचा मागमूस नाही. हाच प्रकार डोंगरी ओढ्यांतील काही माशांचा, काही झाडांचा आणि इतर कित्येक प्राण्यांचाही आहे. एकमेकांपासून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या या दोन ओल्या प्रदेशांत सारखे जीव कसे आले, या प्रश्नावर भारतातील जैवभूगोलाची, म्हणजे कोणता जीव कुठे आणि का आढळतो याच्या अभ्यासाची, बरीचशी जडणघडण झाली.

ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८७६ साली जगाची प्राणिभौगोलिक विभागणी मांडली, तेव्हा दक्षिण भारत आणि श्रीलंका यांना उर्वरित भारतापासून वेगळा उपप्रदेश ठरवले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आयुष्य घालवलेल्या विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १९०१ साली भारत, श्रीलंका आणि ब्रह्मदेशातील पृष्ठवंशीय प्राण्यांच्या वितरणाचा सविस्तर आढावा घेतला. हिमयुगात हवा थंड झाल्यावर हिमालयातील जीव दक्षिणेकडे सरकले आणि पुढे उष्मा वाढल्यावर उंच डोंगरमाथ्यांवर अडकून राहिले, असे स्पष्टीकरण त्यांच्या काळात पुढे आले. निलगिरीच्या कड्यांवरचा ताहर हा रानबोकड हिमालयातील ताहरासारखा दिसत असल्यामुळे हे स्पष्टीकरण पटण्याजोगेही होते. मात्र ते थंड हवेच्या जीवांना लागू पडत होते. सह्याद्रीतील बहुतेक साम्य उष्ण, दमट रानातल्या जीवांचे आहे, आणि ती अडचण तशीच उरली.

तिचे उत्तर माशांच्या अभ्यासातून शोधण्याचा प्रयत्न सुंदरलाल होरा यांनी केला. कोलकात्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत काम करणारे आणि पुढे तिचे संचालक झालेले होरा हे वेगवान ओढ्यांत राहणाऱ्या माशांचे जाणकार होते. या माशांचे अंग चपटे असते, आणि पंखांच्या किंवा छातीवरील चिकट गादीच्या आधाराने ते प्रवाहातील दगडाला धरून राहतात. असा मासा मैदानातील संथ, गढूळ नदीतून शेकडो किलोमीटर जाऊ शकणार नाही, हा होरांचा मूळ मुद्दा होता आणि तो भक्कम होता. तेव्हा ईशान्येपासून सह्याद्रीपर्यंत कधीतरी डोंगरांची सलग, पावसाळी ओळ असली पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. विंध्य-सातपुडा पूर्वी आजच्यापेक्षा उंच होता आणि हिमयुगाच्या काळात मलायाकडील, म्हणजे आग्नेय आशियातील, जीव त्या वाटेने पश्चिमेकडे येऊन सह्याद्रीत उतरले, हे त्यांचे ‘सातपुडा गृहीतक’ १९४९ साली विस्ताराने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सालिम अली यांनीही पक्ष्यांच्या वितरणाच्या अंगाने या वाटेचा विचार केला, तर काही पक्षीशास्त्रज्ञांना पूर्व घाटाची वाट अधिक संभवनीय वाटली.

या गृहीतकाचे आकर्षण समजण्यासारखे आहे. एकच वाट, एकच काळ आणि तिच्यात मासे, पक्षी, झाडे सगळी बसवता येत होती. पण त्याची मोठी अडचण भूगोलानेच उभी केली. सातपुड्याच्या पूर्वेला राजमहाल टेकड्या आणि मेघालयातील गारो टेकड्या यांच्यामध्ये गंगा-ब्रह्मपुत्रेचे रुंद, सपाट खोरे आहे. ते डोंगरी माशांनी कसे ओलांडले असेल, हे सांगणे कठीण होते. हिमयुगाच्या काळात सातपुडा सलग उंच आणि दमट असल्याचा पुरावाही मिळाला नाही. उलट, शेजारच्या नदीचे शीर्षप्रवाह आपल्याकडे ओढून घेणाऱ्या नदीचौर्याने डोंगरी मासे एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात, हे लक्षात आल्यावर सलग पर्वतरांगेची गरजही कमी झाली.

नंतरच्या दशकांत जनुकीय अभ्यासाने या चर्चेचे स्वरूपच पालटले. दिसायला सारखे ते नात्यानेही जवळचे, ही समजूत अनेक ठिकाणी टिकली नाही. २००५ साली निलगिरी ताहर हिमालयातील ताहरापेक्षा मेंढ्यांच्या गटाला जवळचा असल्याचे स्पष्ट झाले आणि त्याला स्वतंत्र प्रजातीगट मिळाला, म्हणजे हिमयुगाच्या जुन्या कथेतला ठळक साक्षीदारच गळाला. त्याआधी २००३ मध्ये केरळच्या इडुक्की जिल्ह्यातून नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस या जांभळ्या, जमिनीखाली राहणाऱ्या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. त्याच्या कुळाचे जवळचे नातलग आशियात कुठेच नाहीत. ते हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर आहेत. भारत गोंडवन या दक्षिणेकडील महाभूखंडाचा भाग असल्यापासूनचा हा वारसा असून, मलायाकडून आलेल्या पाहुण्यांच्या यादीत त्याला जागाच नाही.

बाकीच्यांचे काय? सुरतजवळच्या वस्तान येथील लिग्नाइट खाणीत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे अंबर, म्हणजे दगडासारखी घट्ट झालेली राळ, आणि त्यात अडकलेले कीटक सापडले, आणि ते अंबर डिप्टेरोकार्प कुळातील झाडांच्या राळेचे असल्याचे आढळले. हे कुळ आज आग्नेय आशियाच्या वर्षावनांत फोफावलेले दिसते. तेव्हा आजचा शुष्क गुजरात एकेकाळी दमट अरण्याखाली होता, हे मान्य करावे लागते. द्वीपकल्पाच्या बऱ्याच भागावर ओली वने होती, पुढे कोरडा ऋतू लांबत गेला आणि ती वने दोन टोकांना आक्रसली, हे चित्र आज अनेक जीवांच्या बाबतीत अधिक पटते. त्यात कोणी सातपुडा ओलांडून येण्याची गरज नाही. मधला दुवा तुटला एवढेच. तरीही सर्वांना हेच उत्तर लावणे म्हणजे होरांची चूक नव्या शब्दांत करणे होईल, कारण प्रत्येक गटाच्या विभक्त होण्याचा काळ वेगवेगळा निघतो.

हवामानाची ही ये-जा अलीकडच्या काळातही चालू होती. निलगिरीच्या दलदलीतील पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांचे, कार्बन तपासून १९९३ साली परिसंस्थाशास्त्रज्ञ रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, शेवटच्या हिमयुगाच्या कडाक्यात तेथे गवताचे प्राबल्य वाढले होते आणि नंतरच्या ओल्या काळात झाडोरा परतला होता. भूरचनेचा वाटाही तितकाच ठोस आहे. केरळ-तमिळनाडू सीमेवरील पालघाटची सुमारे ३० ते ४० किलोमीटर रुंद खिंड सखल आणि उष्ण असल्याने शोला या डोंगरमाथ्यांवरील बुटक्या सदाहरित वनांतील छोट्या, फार न उडणाऱ्या पक्ष्यांना ती पार करता आली नाही. तिच्या दोन्ही बाजूंना त्यांचे स्वतंत्र वंश घडले, आणि २०१७ साली त्यांतील काहींसाठी शोलिकोला व मॉन्टेसिंकला हे नवे प्रजातीगटही करावे लागले.

महाराष्ट्राच्या बाजूला या साऱ्याचा अर्थ अधिक उघडपणे दिसतो, आणि तो पावसाच्या आकड्यांत शोधणाऱ्याला चकवतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे दक्षिणेकडील अनेक समृद्ध वनांपेक्षाही जास्त. तरी तेथील रान मुख्यतः जांभूळ, अंजनी आणि पिसा अशा मोजक्या झाडांचे, बुटके आहे. पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधील वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात घाटाच्या वनांचे नकाशे तयार केले, तेव्हा किती पाऊस पडतो यापेक्षा तो किती महिने पडत नाही, याला त्यांनी महत्त्व दिले. केरळच्या दक्षिण टोकाला दोन-तीन महिने कोरडे जातात, कारण तेथे मोसमी पाऊस लवकर येतो आणि परतीचा पाऊसही मिळतो. उत्तर सह्याद्रीत मात्र सात-आठ महिने कोरडे असतात. त्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना सदाहरित झाडांच्या प्रजाती गळत जातात.

या नियमाला जमीन कुठे कुठे बगल देते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे परिसरात जायफळाच्या कुळातील झाडांची दलदली राई आहे. चिखलातून वर येऊन पुन्हा आत वळणारी मुळे असलेली ही वने प्रामुख्याने कर्नाटक आणि केरळमध्ये आढळतात. या झाडांचे मोठे बी वाळले की रुजत नाही, म्हणून लांब उन्हाळ्याच्या प्रदेशात त्यांचा निभाव एरवी लागला नसता. इथे मात्र जमिनीतून पाणी बारमाही झिरपते, आणि आकाशातून न मिळणारी उन्हाळ्याची ओल तेवढ्या तुकड्यापुरती खालून मिळते.