बेकाराचं काम आणि त्याचं दाम : दुष्काळी कामांपासून कार्यप्रशिक्षणापर्यंत

पुण्यात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या सॅलरी स्लिपवर व्यवसाय कराची कपात असते. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ साली लागू झाला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराच्या मजुरीला हातभार लावावा, अशी त्यामागची कल्पना. बेकाराला मदत करताना सरकारने त्याच्याकडून काम करून घ्यावं का आणि घेतलंच तर दाम किती द्यावं, हा वाद मात्र त्याच्याही शंभर वर्षं आधीचा आहे. त्यात पुण्याने तेव्हाच एक बाजू घेतली होती.

१८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमध्ये सरकारने कामं काढली : खडी फोडणं, रस्ते, तळी. इंग्रज अधिकाऱ्यांचे विचार विलायतेतल्या १८३४ च्या गरिबांच्या कायद्यावर पोसलेले. मदत घेणाऱ्याची स्थिती सगळ्यांत गरीब मजुरापेक्षाही वाईटच असली पाहिजे, नाहीतर लोक आळशी होतील, असं तो कायदा मानत होता. म्हणून काम हीच गरजेची परीक्षा ठरली. दुष्काळी मदतीवर देखरेख करायला व्हाइसरॉयने पाठवलेले सर रिचर्ड टेम्पल यांनी पुरुषाला दिवसाचं एक पौंड, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे असा दर ठरवला. दिवसभर उन्हात दगड फोडणाऱ्याला एवढं पुरत नाही, हे मद्रासचे आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनी सरकारला ठणकावून सांगितलं. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी तर कामावर जाणंच सोडलं. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. १८७० मध्ये स्थापन झालेली पुणे सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी आणि सहकाऱ्यांनी गावोगावची माहिती जमवून सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. गरज आहे म्हणून माणूस कितीही कमी दामात राबेल, हा हिशेबच सभेला मान्य नव्हता.

पुढे फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळी मदतीच्या सरकारी नियमावल्या आल्या, कामांना नियम आले, पण मदतीची भाषा उपकाराचीच राहिली. ती बदलली १९७२ च्या दुष्काळानंतर. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीच तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याने नातं उलटं केलं. काम मागणं हा हक्क झाला आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायची जबाबदारी सरकारवर आली. हजेरीपटावरची खोटी नावं, मोजमापात कापलेली मजुरी, महिनोन्महिने थकलेले पगार हे सगळं झालं, ते नाकारायचं कारण नाही. तरी मजुराने मुकादमाला जाब विचारावा, एवढी जमीन त्या कायद्याने त्याच्या पायाखाली दिली.

न्यायालयांनी हीच बाजू आणखी पक्की केली. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांसाठी झालेल्या १९८२ च्या एशियाड खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की किमान वेतनापेक्षा कमी दामात राबवणं ही राज्यघटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरी आहे. बंदूक रोखलेली नसली तरी पोटाची निकड हीसुद्धा सक्तीच. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी रस्त्यावर काम करणाऱ्या बायकांचा खटला आला. ही मदत आहे, म्हणून वेतन कमी, असा राजस्थान सरकारचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. माणसाच्या लाचारीचा फायदा राज्याला घेता येणार नाही.

ब्रिटनमध्ये नेमका हाच प्रश्न २०११ नंतर पेटला. तिथल्या एका योजनेत बेकारी भत्ता घेणाऱ्याला चार आठवडे, आठवड्याला तीस तासांपर्यंत बिनपगारी काम सक्तीचं करता येत असे. नकार दिला तर भत्ता बंद. भूगर्भशास्त्राची एक पदवीधर तरुणी संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून काम करत होती. तिला अशाच दुसऱ्या योजनेखाली पाउंडलँड या दुकानात फळ्यांवर माल लावायला आणि झाडलोट करायला पाठवलं गेलं. ती कोर्टात गेली. नियमांत योजनेचं वर्णनच पुरेसं नव्हतं म्हणून ते बेकायदा ठरले. तेव्हा सरकारने मार्च २०१३ मध्ये पूर्वलक्षी कायदा करून ते वाचवले. मात्र ही सक्तीची मजुरी नाही, असंच तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०१३ मध्ये ठरवलं. मला आपला निवाडा अधिक न्याय्य वाटतो. बिनपगारी माणूस मिळाला की दुकानदार पगारी माणूस कशाला ठेवेल? म्हणजे एका बेकाराला कामाला लावून दुसऱ्याची नोकरी घालवायची.

महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बेकार तरुणांनी सरकारी कार्यालयांत आणि खासगी आस्थापनांत प्रत्यक्ष काम करत शिकावं, अशी ती योजना. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. हे बिनपगारी नाही आणि यात सक्तीही नाही, हा फरक मोठा आहे. पण पैसे सरकार देतं आणि हात आस्थापनेला मिळतात. सहा महिन्यांची मुदत अकरा महिन्यांवर गेली आणि प्रशिक्षणार्थी कायम करण्याची मागणी घेऊन रस्त्यावर आले. त्यांचा राग मला रास्त वाटतो. सकाळी टेबलावर बसून आवक-जावक नोंदवायची, दाखले टाइप करायचे, संध्याकाळी शेजारच्या लिपिकाइतकंच काम उरकून उठायचं आणि नाव मात्र प्रशिक्षणाचं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात करार असतो, ठरलेला व्यवसाय असतो, शिकवण्याची जबाबदारी मालकावर असते. इथे शिकवतं कोण, काय शिकवतं आणि शिकणारा निघून गेल्यावर त्या टेबलावर पगारी माणूस बसणार की पुढचा प्रशिक्षणार्थी, हे शासन निर्णयात लिहून मिळालं पाहिजे.