मानवी तस्करी: शंभर वर्षांचे कायदे आणि मागे राहिलेला कर्जाचा प्रश्न

मानवी तस्करीवरचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९०४ साली पॅरिसमध्ये झाला. तो होता ‘गोऱ्या गुलामांच्या व्यापारा’विरुद्ध. कळवळा कोणाबद्दल होता, हे त्या नावातच दिसतं. त्याच काळात बेल्जियमच्या राजाच्या ताब्यातल्या काँगोत रबर गोळा करून घेण्यासाठी पुरुषांना राबवलं जात होतं, आणि ते पळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या बायकांना ओलीस धरलं जात होतं. त्या करारात त्यांना जागा नव्हती.

संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाने १९२१ मध्ये ‘गोऱ्या’ हा शब्द काढला आणि लहान मुलांचाही समावेश केला. पण तस्करी म्हणजे वेश्याव्यवसायासाठीची तस्करी, हे समीकरण १९४९ च्या करारातही कायम राहिलं. सक्तीच्या मजुरीसाठी १९३० चा, कर्जापोटीच्या वेठबिगारीसाठी १९५६ चा, असे वेगळे करार झाले. खरं तर दुखणं एकच होतं.

ते एका व्याख्येत आलं २००० सालच्या, संयुक्त राष्ट्रांच्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये (प्रोटोकॉल म्हणजे मूळ कराराला जोडलेला पूरक करार). माणसाची भरती किंवा ने-आण, त्यासाठी वापरलेली फसवणूक वा जबरदस्ती, आणि शोषणाचा हेतू, असे तिचे तीन भाग आहेत. मूल असेल तर फसवणूक सिद्ध करावी लागत नाही. हे मोठं पाऊल होतं. मात्र हा प्रोटोकॉल संघटित गुन्हेगारीविरोधी कराराला जोडलेला आहे. त्यामुळे गुन्हा ठरवणं देशांना बंधनकारक झालं, पण पीडितांना निवारा, उपचार आणि समुपदेशन देण्याचा फक्त ‘विचार करावा’ एवढंच सांगितलं गेलं. माझ्या मते पुढच्या दोन दशकांची दिशा या फरकाने ठरवली. छापे पडले, सुटका झाली, आणि सुटलेली माणसं हातात काही नसताना पुन्हा त्याच दलालाच्या दारात गेली.

गरिबी आणि विषमता ही कारणं प्रोटोकॉलच्या नवव्या कलमात आहेत. पण गरिबी एवढंच उत्तर अपुरं आहे, कारण बहुतेक गरीब माणसं तस्करीत अडकत नाहीत. अडकवते ती पद्धत. परदेशी नोकरीसाठी दलालाला पैसे द्यायचे, म्हणून व्याजाने कर्ज काढायचं. पोहोचल्यावर पगार ठरल्यापेक्षा कमी निघतो, त्यातून राहण्या-जेवण्याचे पैसे कापले जातात आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात जातो. व्हिसा त्याच मालकाशी बांधलेला असेल, तर नोकरी सोडताच माणूस बेकायदा ठरतो. दाराला कुलूप लावायची गरजच उरत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या श्रमात होते. त्यात लैंगिक शोषणाच्या धंद्यातले ६३ लाख. उरलेल्यांपैकी बहुतेक सेवाक्षेत्र, शेतं, बांधकामं, कारखाने आणि घरकामात.

सक्तीच्या मजुरीविरुद्धच्या १९३० च्या कराराला जोडलेल्या २०१४ च्या प्रोटोकॉलने भरतीतल्या लुबाडणुकीवर बोट ठेवलं. ब्रिटनने २०१५ मध्ये मोठ्या कंपन्यांना आपल्या धंद्यात गुलामी व तस्करी रोखण्यासाठी काय केलं याचं दरवर्षी निवेदन देणं सक्तीचं केलं, पण ‘आम्ही काही केलं नाही’ असं लिहूनही कायदा पाळला जातो. फ्रान्सने २०१७ मध्ये आपल्या मोठ्या कंपन्यांवर पुरवठादारांकडेही लक्ष ठेवण्याची जबाबदारी टाकली. खासगी भरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, असं सांगणारा करार १९९७ पासून तयार आहे. जगातल्या बहुतेक देशांनी त्याला अजून मान्यता दिलेली नाही.