दरोडेखोर कुणाला म्हणायचं?

लहानपणी लय खोड्या केल्या की आमची पलूसकडची आजी म्हणायची, थांब, तुला पत्रीच मारायला पाहिजे. तेव्हा वाटायचं हा नुसता दम आहे, नंतर कळलं की हे पत्री सरकारातनं आलंय, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात साताऱ्याकडच्या गावांत क्रांतिकारकांनी चालवलेल्या प्रतिसरकारातनं. फितूर, गावगुंड यांच्या तळपायावर काठ्या हाणायचे, बैलाच्या खुराला पत्री (लोखंडी नाल) ठोकतात तशा, म्हणून लोकांनी प्रतिसरकारचं पत्री सरकार केलं असं सांगतात.

आता गंमत बघा, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ कुंडलच्या तुफान सेनेने, म्हणजे याच प्रतिसरकारच्या लढाऊ तुकडीने, पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी अडवून लुटली. इंग्रजांच्या कागदावर हा सरळ दरोडा, आणि गावात? गावात ते आपले क्रांतिकारक. पुढे स्वातंत्र्यानंतर त्याच चळवळीतल्या माणसांना ताम्रपट आणि पेन्शन मिळाली, म्हणजे काम तेच, फक्त नाव ठेवणारा बदलला.

समाजशास्त्रात हे फार नंतर, १९६३ साली हॉवर्ड बेकरने मांडलं, की विचलन, म्हणजे समाजाचे नियम मोडणं, हा कृतीचा गुण नसतो, समाजाने लावलेला शिक्का असतो. त्याच्याआधी १८९५ ला फ्रान्सचा समाजशास्त्रज्ञ दुर्खीम म्हणून गेला होता की गुन्हा हा समाजाचा रोग नाही, नॉर्मल गोष्ट आहे, अगदी साधुसंतांचा मठ घ्या, तिथेही कुणाची तरी बारीकशी चूक महापाप ठरणारच. दुर्खीमचं पटतं मला, पण आपल्याकडचं बघायला बेकर जास्त कामाला येतो.

कारण शिक्क्याचा सगळ्यात वाईट प्रकार इथेच झालाय. रामोशी म्हणजे गावाचा राखणदार, किल्ल्यावरचा पहारेकरी. इंग्रज आले, वतनं आणि हक्क गेले, उमाजी नाईकांनी बंड केलं, १८३२ ला पुण्यात फाशी. मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, तो १९११ ला मुंबई इलाख्यातही आला, आणि जमातीचं नाव एकदा यादीत गेलं की पाळण्यातलं पोरसुद्धा चोर, मोठं झालं की पोलिसात हजेरी, दुसऱ्या गावाला जायचं तर परवानगी, काहींना तर सोलापूरसारख्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्येच कोंडलं. कैकाडी, पारधी, कंजारभाट सगळे त्यात. ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटका झाली, म्हणून विमुक्त. पण अजून गावात चोरी झाली की पहिली गाडी कुणाच्या पालावर जाते ते सगळ्यांना माहितीये, हे मी काय वेगळं सांगू.

पत्री सरकार नुसतं मारझोड करत होतं असंही नाही हां. त्याचे पुढारी नाना पाटील, त्यांच्या काळात आत्ताच्या वाळवा, तासगाव, खानापूरकडच्या गावांत (तेव्हा हे सातारा जिल्ह्यातच) न्यायनिवाडा गावातच व्हायचा, दारूबंदी होती, सावकाराला चाप होता आणि कमी खर्चातली गांधी पद्धतीची लग्नं लावायचे. म्हणजे ज्यांना सरकार गुन्हेगार म्हणत होतं तेच गावाला नवे नियम घालून देत होते!

त्याच्या थोडं आधी, १९३९ ला, औंध संस्थानात अजून एक उलटा प्रयोग झाला. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडचा इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, कैद्यांनी भिंतीशिवाय राहायचं, बायकापोरं सोबत, शेती करायची. पिक्चरवाल्यांना व्ही. शांतारामबापूंचा तो १९५७ चा कैद्यांचा सिनेमा 'दो आँखें बारह हाथ' आठवेल, मूळ इथलंच.

आणि आता चाक उलटं फिरलंय. वाळीत टाकणं ही आपल्याकडं जातपंचायतीची हक्काची शिक्षा, रोटीबेटी बंद, मयताला खांदा नाही. २०१६ च्या सामाजिक बहिष्कार कायद्याने हेच गुन्हा ठरलं, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. काल ज्याच्यापुढे लोक हात जोडून उभे राहायचे त्या पंचाचं नाव आता एफआयआरमध्ये आरोपीच्या रकान्यात येतं.